उन्हाळ्यात घरातली औषधं आणि प्रसाधनं कुठे ठेवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की अकोला, वर्धा, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. मेमध्ये तो ४५-४६ अंशांपर्यंत जातो आणि नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की रात्रीसुद्धा भिंती गरमच राहतात. या दिवसांत औषधांच्या दुकानात गोळ्या घ्यायला येणारे निम्मे लोक जाताना एक प्रश्न विचारतात, ‘हे फ्रीजमध्ये ठेवायचं का?’ खाली त्याचं आणि त्याच्या सोबतीने येणाऱ्या इतर प्रश्नांचं उत्तर आहे. बहुतेक गोळ्या आपल्याला वाटतं त्यापेक्षा कणखर असतात. प्रत्येक घरात चार-पाच वस्तू मात्र खरोखर नाजूक असतात. त्या ओळखून सांभाळल्या की बाकीच्यांसाठी फार धावपळ करावी लागत नाही.

पाकिटावर ‘३० अंशांखाली ठेवा’ असं लिहिलंय आणि आमच्या घरात दुपारी ३८-४० अंश असतात. मग सगळी औषधं बाद झाली का?

नाही. औषध बाजारात येण्याआधी कंपनीला त्याच्या टिकाऊपणाच्या चाचण्या कराव्या लागतात. त्यातल्या एका चाचणीत औषध ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात सहा महिने ठेवून मग तपासतात. साध्या तापाच्या, रक्तदाबाच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप चार दुपारी तापली म्हणून लगेच टाकून द्यायची गरज नाही.

पण ही चाचणी बंद मूळ पाकिटातल्या औषधाची असते. डबीत सुट्या करून ठेवलेल्या गोळ्यांना ती लागू होत नाही. शिवाय तापमान दर १० अंशांनी वाढलं की औषधाचं विघटन साधारण दोन ते चार पट वेगाने होतं. एखादी तापलेली दुपार वेगळी आणि वरच्या मजल्यावर स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर एप्रिल ते जून पडून राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात छापलेल्या मुदतीवर भरवसा ठेवू नका.

मग सरसकट सगळंच फ्रीजमध्ये टाकलं तर?

काळजीपोटी लोक हेच करतात आणि नुकसान करून घेतात. थंड बाटली बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. झाकण उघडलं की दमट हवा आत शिरते. रोज असं झालं की गोळ्या ओल धरतात. काही सिरपांत साखरेचे खडे होतात, काही मलमं घट्ट होऊन फुटतात आणि त्यांतलं पाणी वेगळं होतं. आणि दुधाच्या पिशवीशेजारी, लोणच्याच्या बरणीमागे पडलेलं औषध वेळेवर सापडत नाही ते वेगळंच.

फ्रीजचा निर्णय लेबलवर सोडा. ‘२ ते ८ अंश’ लिहिलं असेल तर फ्रीज हवाच. ‘थंड व कोरड्या जागी’ किंवा ‘२५ अंशांखाली’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फ्रीज असा होत नाही. भारतीय औषधकोशात ‘थंड जागा’ म्हणजे ८ ते २५ अंश.

आता खरी अडचण अशी की मे महिन्यात एसी नसलेल्या वैदर्भीय घरात २५ अंशांची जागाच नसते. त्यावर माझा सल्ला साधा आहे. एप्रिल ते जून या काळात औषधांचा साठा करू नका. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेण्याऐवजी पंधरा दिवसांच्या घ्या. दुकानात तापमान सांभाळलेलं असतं, मग उरलेला साठा तिथेच राहू द्या. दुकान निवडताना मात्र आत जाऊन बघा. दुपारी बंद शटरमागे दुकान तापत असेल आणि इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या असतील तर दुसरं दुकान शोधा.

घरात नेमकी जागा कुठली?

आधी नको त्या जागा सांगतो, कारण औषधं बहुधा तिथेच सापडतात.

फ्रीजच्या डोक्यावर. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे ती जागा खोलीपेक्षा गरमच असते. टीव्हीच्या आणि इन्व्हर्टरच्या शेजारी तेच. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरचा कप्पा, जिथे फोडणीची वाफ पोचते. न्हाणीघरातलं आरशाचं कपाट, जिथे गरम पाण्याची वाफ भरते. देव्हाऱ्याजवळचा कोनाडा, कारण तिथे समई आणि कापूर असतो. पलंगामागची खिडकी, जिथे सकाळी सावली असते पण चारनंतर ऊन थेट गोळ्यांवर पडतं.

आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट. पश्चिमेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. पत्रा त्याच वेगाने तापतो. महागाचं औषध ‘जपून’ ठेवायचं म्हणून दागिन्यांसोबत त्या कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवणारे अनेक जण आहेत. त्यांनी निवडलेली जागा बऱ्याचदा घरातली सर्वांत तापणारी असते.

चांगली जागा म्हणजे खालच्या मजल्यावरची, घराच्या मधली खोली, जिच्या भिंतींना बाहेरचं ऊन लागत नाही. तिथलं लाकडी फडताळ, आणि त्यातही छताजवळचा नाही तर मधला किंवा त्याखालचा कप्पा, कारण गरम हवा वर जाते. जुन्या मातीच्या जाड भिंतींची घरं याबाबतीत नव्या स्लॅबच्या घरांपेक्षा कितीतरी सरस आहेत. घरात लहान मूल असेल तर कप्प्याला कुलूप हवं. उंची हा कुलपाला पर्याय नाही. खुर्ची ओढून वर चढणारं तीन वर्षांचं पोर तुम्हीही पाहिलं असेल.

अंदाजावर राहू नका. भिंतीवर लावायचा साधा तापमापक आणून तो दोन-तीन ठरावीक जागी एकेक दिवस ठेवा आणि दुपारी चार वाजता आकडा बघा. एकाच घरात पाच-सहा अंशांचा फरक दिसू शकतो.

कूलर लावलेली खोली थंड असते. तिथे ठेवू का?

स्ट्रिपमधल्या गोळ्या ठेवा. सुट्या गोळ्या, चूर्ण, ओआरएसची फाटकी पुडी, रोटाकॅप (दम्यासाठी ओढायच्या पावडरीच्या कॅप्सूल) ठेवू नका. कूलर वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडवून हवा गार करतो, म्हणजे खोली थंड होते तशी दमटही होते. कूलरच्या थेट झोतात तर काहीच नको. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाचा डबा घ्या. बाटलीत येणारी सिलिका जेलची छोटी पुडी फेकू नका, ती त्यासाठीच असते.

आम्ही रत्नागिरीला राहतो, इथे ४५ अंश होत नाही. आम्हाला हे लागू आहे का?

रत्नागिरी, मुंबई, गोव्यात शत्रू वेगळा आहे. तिथे ३३-३४ अंश आणि घाम वाळत नाही इतकी ओल, म्हणून कोरडेपणा सांभाळा. गोळ्या स्ट्रिपमधून आधीच काढून आठवड्याच्या डबीत भरण्याची पद्धत कोकणात फक्त जूनपर्यंत थांबवून भागणार नाही, पावसाळ्यातही थांबवावी लागेल.

इन्सुलिनचं काय?

घरातल्या नाजूक वस्तूंत हिचा नंबर पहिला. न उघडलेली बाटली, कार्ट्रिज किंवा पेन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये. मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. एका दाराच्या जुन्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली लगेच ठेवलेली इन्सुलिन गोठू शकते. एकदा गोठलेली इन्सुलिन नंतर वितळून पूर्वीसारखी दिसली तरी वापरायची नाही. उन्हाळ्यात फ्रीजचं बटण आपण ‘जास्त थंड’वर फिरवतो, तेव्हा हा धोका वाढतो. उष्णतेने इन्सुलिनचा जोर हळूहळू कमी होतो, पण गोठली की ती बाद, हे लक्षात ठेवा.

वापरात असलेली बाटली किंवा पेन बाहेर ठेवता येतं. बहुतेक प्रकारांना साधारण ३० अंशांखाली चार आठवडे ही मर्यादा असते. नेमके दिवस प्रकारागणिक बदलतात, ते आतल्या घडीपत्रकात दिलेले असतात. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. खोली ३० अंशांच्या वर जात असेल तर वापरातली बाटलीही फ्रीजमध्ये ठेवा आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा, म्हणजे झोंबणार नाही. पेन ठेवताना सुई काढून ठेवा. सुई लावलेलं राहिलं तर तापमान खालीवर होताना औषध गळतं किंवा आत हवेचे बुडबुडे शिरतात.

वीज गेली की फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास थंडावा धरून ठेवतो. तेवढ्यात कुणी पाण्याच्या बाटलीसाठी तीनदा दार उघडलं तर तो हिशेब चुकतो.

खराब इन्सुलिन ओळखायची तर ती उजेडात धरा. पाण्यासारखी स्वच्छ असायला हवी अशी इन्सुलिन गढूळ दिसली तर टाका. जी मुळातच दुधाळ असते ती तळव्यांत हलकेच फिरवल्यावर एकसारखी झाली पाहिजे. गुठळ्या तरंगत असतील किंवा काचेला आतून पांढरी चुरचुरीत बुरशीसारखी झालर चिकटली असेल तर वापरू नका. पण दिसायला ठीक असलेली इन्सुलिनही उन्हाने कमजोर झालेली असू शकते. नेहमीचं खाणं, नेहमीचा डोस आणि तरी साखर अचानक वर जात असेल तर नवीन बाटली काढून बघा आणि डॉक्टरांना सांगा. स्वतःहून डोस वाढवू नका.

आमच्याकडे फ्रीज नाही. माठात ठेवली तर चालते असं ऐकलंय.

चालते, आणि विदर्भात ही युक्ती फार चांगली लागू पडते. मडक्याच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते लवकर वाळतं. म्हणून मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या झळांत माठ उत्तम थंड होतो आणि कोकणातल्या दमट हवेत तितका होत नाही.

एक मोठं मडकं घ्या. त्यात वाळूचा थर द्या, त्यावर छोटं मडकं ठेवा आणि दोघांमधली फट वाळूने भरा. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडा. आतलं मडकं कोरडंच राहू द्या. इन्सुलिनची बाटली झिपच्या दोन पिशव्यांत बंद करून आत ठेवा, वर ओलं फडकं आणि झाकण. मडकं सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी हवं. बंद कपाटात ठेवलं तर पाणी वाळणार नाही आणि थंडावाही येणार नाही. आत एक छोटा तापमापक टाकून दुपारी बघत जा. पाण्याने भरलेल्या माठात बाटली थेट सोडू नका, लेबल निघतं आणि रबरी बुचाभोवती पाणी साचतं.

मडक्यात फ्रीजइतकं थंड होत नाही, त्यामुळे दोन महिन्यांचा साठा त्यात ठेवता येणार नाही. वापरातली बाटली ठेवायला ते पुरेसं आहे. जीनिव्हा विद्यापीठ आणि ‘मेद्सां सां फ्राँतिये’ या डॉक्टरांच्या संघटनेने केनियातल्या दगाहले निर्वासित छावणीत घरांतलं तापमान मोजून, २५ ते ३७ अंशांत खालीवर होणाऱ्या हवेत इन्सुलिन चार आठवडे टिकते का हे तपासलं. २०२१ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार ती टिकली. ज्या घरात फ्रीज नाही त्या घरातल्या मधुमेह्याला उपचारापासून दूर ठेवायचं कारण नाही, असं मला हे वाचून मनापासून वाटलं.

इन्सुलिनशिवाय आणखी कोणती औषधं नाजूक?

थायरॉइडची गोळी. उष्णता, ओल आणि उजेड तिन्ही तिला सोसत नाहीत. ती बाटलीत येत असेल तर बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट लावा, आणि महिन्याभराच्या गोळ्या डबीत काढून ठेवू नका.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी. बरेच जण ती शर्टाच्या खिशात किंवा पाकिटात महिनोन् महिने बाळगतात. अंगाची ऊब आणि घाम यांनी ती कमजोर होते. नायट्रोग्लिसरीनची गोळी तर काचेच्या मूळ बाटलीतून प्लास्टिकच्या डबीत काढली तरी तिचं औषध उडून जातं. जवळ बाळगायची तर बाळगाच, जीव वाचवणारी गोळी आहे ती, पण ठरावीक दिवसांनी बदलत राहा.

गुदद्वारावाटे किंवा योनिमार्गात द्यायच्या वड्या. त्या अंगाच्या तापमानाला विरघळाव्यात अशाच बनवलेल्या असतात, म्हणून ४० अंशांच्या खोलीत त्यांचं पाणी होतं. लेबलवर मनाई नसेल तर या फ्रीजच्या दारात ठेवाव्यात.

लसी. टिटॅनसचं इंजेक्शन किंवा बाळाची लस दुकानातून घेऊन दवाखान्यात जायचं असेल तर बर्फाची पिशवी मागून घ्या, पण लस बर्फाला थेट चिकटू देऊ नका. मध्ये रुमालाची घडी ठेवा. आणि वाटेत भाजी घ्यायला थांबू नका.

डोळ्यांचे थेंब आणि मुलांची पातळ औषधं?

थेंबांची बाटली उघडल्यावर साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची, छापलेली मुदत दोन वर्षांची असली तरी. काचबिंदूचे काही थेंब उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, ते खोक्यावर वाचा. मुलांचं कोरड्या पावडरीत पाणी घालून बनवायचं अँटिबायोटिक एकदा बनवलं की त्याचं आयुष्य मोजकंच. बरीचशी सात दिवसांत संपवावी लागतात आणि अनेकांना फ्रीज लागतो. उरलेलं पुढच्या तापासाठी राखून ठेवणं हा आईच्या मायेचा भाग असेल, पण त्या बाटलीत तोवर औषध उरलेलं नसतं.

औषध उन्हाने बिघडलंय हे घरी कसं ओळखायचं?

अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्यांची बाटली उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर गोळीचं विघटन सुरू झालंय, ते अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आहे. जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाल्या किंवा दाबल्यावर मऊ लागल्या, गोळीवर ठिपके आले, लेप सुटला, मलमाच्या ट्यूबमधून आधी पाणी आलं, सिरपचा रंग गडद झाला किंवा हलवूनही गाळ मिसळला नाही, तर वापरू नका. कॅलामाइनसारख्या लोशनमध्ये खाली थर बसणं मात्र नेहमीचं आहे, हलवून घ्या.

गाडीत डिओ, सॅनिटायझर, इनहेलर राहिला तर?

बंद गाडी उन्हात उभी असली की आतली हवा बाहेरपेक्षा वीसेक अंशांनी सहज वर जाते. बाहेर ४३ असेल तर आत साठीच्या पुढे. डिओच्या, डासांच्या स्प्रेच्या आणि दाढीच्या फेसाच्या डब्यांवर ‘५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नये’ असं छापलेलं असतं. आत दाबाखाली ज्वालाग्राही वायू असतो. डबा फुटू शकतो. दम्याच्या पंपाचा डबाही दाबाखाली असतो, शिवाय तापल्यावर त्यातून बरोबर मात्रा येईल याची खात्री राहत नाही. पंप माणसाबरोबर गाडीतून उतरला पाहिजे.

सॅनिटायझर गाडीत आपोआप पेट घेत नाही. पण झाकण सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं, आणि त्याची वाफ काडीपेटी किंवा लायटरजवळ पेटते. घरात तो गॅसजवळ ठेवू नका.

स्कूटरच्या सीटखालची डिकी कुणाच्या लक्षात येत नाही. वरून ऊन, खालून इंजिन. दुकानातून घेतलेली औषधं तिथे टाकून तासभर लग्नाला जाणं म्हणजे ती भाजून काढणं. खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

सनस्क्रीन, क्रीम, लिपस्टिक, तेल?

सनस्क्रीन उन्हासाठी असलं तरी स्वतः उन्हात टिकत नाही. तेल आणि पाणी वेगळं झालेलं, वास बदललेलं सनस्क्रीन लावून बाहेर पडलात तर त्वचा भाजेल आणि तुम्हाला वाटेल आपण लावलं होतं. लिपस्टिक, काजळ मऊ पडले तर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बिघडत नाहीत. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत गोठलेलं दिसणं हे त्याचं नेहमीचंच आहे. बामही तसाच. कोरफडीचं जेल आणि गुलाबजल फ्रीजमध्ये छान राहतात.

केसांच्या रंगाबरोबर येणाऱ्या डेव्हलपरच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतो. उष्णतेने त्यातून वायू सुटतो आणि बाटली फुगते. कालवलेला रंग उरला म्हणून झाकण लावून कधीही ठेवू नका. सॅनिटरी पॅड न्हाणीघरात नको, कोरड्या कपाटात. कंडोम पाकिटात किंवा गाडीत नको, उष्णतेने रबर कमकुवत होतं आणि ते वरून कळत नाही.

पाऱ्याचा थर्मामीटर तापल्यामुळे चुकीचा ताप दाखवतो का?

उन्हाळ्यात हे नक्की होतं. ताप बघायच्या थर्मामीटरची पट्टी ४२ अंश सेल्सिअसला संपते. खोलीच ४४ अंशांची झाली की पारा आधीच टोकाला पोचलेला असतो आणि तो आपोआप खाली येत नाही. तसाच काखेत लावला तर माणसाला भयंकर ताप असल्याचं दिसेल. आधी थंड पाण्यात बुडवा, झटका, पारा ३५ पर्यंत उतरल्याचं बघा, मग लावा. फार तापला तर काच तडकून पारा बाहेर येऊ शकतो. पारा विषारी आहे, हाताने गोळा करू नका, झाडूने तर मुळीच नको. कागदाच्या पुठ्ठ्याने ढकलून बाटलीत भरा, खिडक्या उघडा. शक्य असेल तर यंदा डिजिटल घ्या.

साखर तपासायच्या पट्ट्या?

त्यांच्याच डबीत, झाकण लगेच लावून, साधारण ३० अंशांखाली. फ्रीजमध्ये नाही, दवाने पट्टी बाद होते. मशीनही फार तापलं की तापमानाचं चिन्ह दाखवून मोजणं नाकारतं. ते बिघडलेलं नसतं, थंड खोलीत थोडा वेळ ठेवा.

फिनाइल, अ‍ॅसिड, ब्लीच यांचं काय?

याबाबतीत हात जोडून विनंती आहे. सुटं मिळणारं फिनाइल, अ‍ॅसिड, रॉकेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका. मे महिन्यात उन्हातून खेळून आलेलं पोर समोर दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. लेबल वाचत नाही, वास घेत नाही. बाटली मूळचीच हवी, आणि जागा औषधांपासून व धान्यापासून वेगळी, कुलपात.

चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. जाळणारा पदार्थ वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतो आणि रॉकेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

ब्लीच उष्णतेने कमजोर होतं आणि बाटली फुगते, म्हणून सावलीत ठेवा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधी मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

गावी जाताना औषधं कशी न्यायची?

ट्रॅव्हल्सच्या किंवा एसटीच्या पोटातल्या डिकीत औषधांची पिशवी देऊ नका, आपल्या पायाशी ठेवा. आजीसाठी औषधं पार्सलने पाठवायची असतील तर रात्रीच्या गाडीने पाठवा आणि सकाळी लगेच उतरवून घ्यायला कुणीतरी असू द्या. इन्सुलिनसाठी थर्मास चालतो. आधी थंड पाण्याने गार करून, पुसून, मग बाटली आत. विमानात ती हातातल्या बॅगेतच हवी, खालच्या सामानात गोठण्याची भीती असते. प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा.

ओआरएस कालवून किती वेळ ठेवता येतं?

२४ तास, झाकून. उरलेलं टाका. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका, मिठाचं प्रमाण चुकतं आणि लहान मुलाला ते बाधतं.

आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची औषधं?

चूर्णं घट्ट झाकणाच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढायची. होमिओपॅथीच्या गोळ्या कापूर, बाम, अत्तर यांच्या कपाटात ठेवू नयेत असं ती औषधं देणारेच सांगतात.

उन्हाळ्यात औषधाचा अंगावर वेगळा परिणाम होतो का?

काहींचा होतो. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आणखी घटतं. मानसिक आजारांवरच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही औषधांनी घाम कमी येतो, म्हणजे शरीर थंड व्हायचा मार्गच अडतो. लिथियम (मानसिक आजारावरचं एक औषध) घेणाऱ्याला घाम, जुलाब यांनी पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. अशा माणसाला चक्कर, हात थरथरणं, उलट्या सुरू झाल्या तर वाट बघू नका. वेदनेची पट्टी अंगाला चिकटवलेली असेल तर उष्णतेने त्यातलं औषध जास्त वेगाने शिरतं, उन्हात बसू नका. यातलं कोणतंही औषध मनाने बंद करायचं नाही. उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

मुदत संपलेली आणि उन्हात बिघडलेली औषधं कुठे टाकायची?

मुदतीत फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. स्ट्रिप वापरताना मुदत छापलेली कड शेवटी फाडा, नाहीतर उरलेल्या चार गोळ्या कधीच्या आहेत ते कळत नाही.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मुदत संपलेली औषधं, वापरलेल्या सुया आणि फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर हे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. घंटागाडीत तशी वेगळी सोय असेल तर तिथेच द्या. नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवीत बांधा आणि मग कचऱ्यात टाका. अख्ख्या स्ट्रिपा उचलून कुणी पुन्हा विकू नये आणि गुरांनी खाऊ नये म्हणून हे करायचं. नाल्यात किंवा विहिरीत काही ओतू नका. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये १७ औषधांची एक यादी दिली आहे. ट्रामाडॉल, फेंटॅनिल, डायझेपाम यांसारखी ती औषधं चुकून कुणाच्या हाती पडली तर जीव जाऊ शकतो, म्हणून तेवढीच संडासात टाकून पाणी सोडायला सांगितलंय. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा आणि कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हातात ती सांगून द्या.